पंचमीचा नवरा

आमच्यात नवरा मीच व्हायची. अंगानं थोराड, आवाज घोगरा, त्यात बिनलग्नाची. मला बायको कोण करणार? आमचं गाव कराडच्या खालच्या अंगाला, कृष्णाकाठी. नागपंचमीला लग्न झालेल्या पोरी माहेरी यायच्या, मग आम्ही सगळ्या मैत्रिणी देवळामागं जमायचो. झिम्मा-फुगडीनं दम लागला की नवरा-बायकोची सोंगं सुरू. बापाचं धोतर, चुलत्याचा फेटा, काजळाच्या मिशा. त्या दिवशी पुरुषानं तिकडं फिरकायचं नाही, आणि फिरकलाच तर त्याची धडगत नसायची.

माझी बायको व्हायची ती माझी जिवाभावाची मैत्रीण. तिला विट्याकडं दिलेली. लग्न होतंय न होतंय तोवर नवरा पलटणीत गेला आणि तिथनं पार समुद्रापलीकडं, लढाईवर. वर्षं चालली, माणूस काही येईना. दर पंचमीला आमचं सोंग एकच: शिपाई रजेवर घरी आलाय. त्यानं कसं वागायचं, ते तीच मला शिकवायची.

"आत येताना आदी खाकरत्यात. मग आढ्याकडं बघून इचारत्यात, 'कुणी पानी देतंय का?' मला न्हाई इचारत गं, आढ्याला इचारत्यात!"

बायका हसून लोळायच्या. पुढच्या वर्षी शिपाई "तू बस, मी पलटणीत शिकलोय" म्हणत चुलीपुढं भाकरी थापायला बसला. त्याच्या पुढच्या वर्षी चोरून तिची वेणी घालायला गेला आणि नेमकी सासू आली. मी पदरचं काही घुसडलं की ती डोळे वटारायची, "आगं, ते आसं बोलायचं न्हाईत!" खरं सांगते, मला तिचा हेवा वाटायचा. असला नवरा मिळणार असेल तर मीही जन्मभर वाट बघेन, असं वाटायचं.

लढाई संपली. आमच्या आळीतला एकजण परतलाच नाही. त्याच्या बायकोभोवती सगळं गाव रडलं. हिचा मात्र धडधाकट आला.

त्यानंतरच्या पंचमीला ती माहेरी आली, तेव्हा मी फेटा बांधून तयारच होते. "आता खरा शिपाई आलाय, आता लय रंगनार बाई!" असा बायकांचा गलका. ती म्हणाली, डोकं दुखतंय, आणि उठून गेली. मी तशीच मिशांसकट तिच्या मागं. गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी होती.

"काय झालं? मारत्यात का?"

"न्हाई गं. चांगलं हाईत. पीत न्हाईत, मारत न्हाईत. कामापुरतं बोलत्यात, बास."

"आन ते खाकरनं? पानी मागनं?"

"कसलं पानी! लढाईवर जाईस्तवर मी त्येंचं तोंडबी धड बगितलं न्हवतं. तुमी समद्या इचारायच्या, नवरा कसा हाय, नवरा कसा हाय. काय सांगू? मनानंच केला. मग मलाच खरा वाटाय लागला."

व्हईल सवय, असं काहीतरी मी बरळले.

"ते दारात उभं असत्यात," ती म्हणाली, "आन मी वाट दुसऱ्याचीच बघत असते. पाप हाय का गं ह्ये?"

ती माझ्या गळ्यात पडून रडली, तेही तोंडात पदर कोंबून. नवरा जिवंत परतलेल्या बाईनं गळा काढायचा तरी कुणाच्या नावानं? तेव्हा माझं काळीज तुटलं ते तुटलंच. पुढं मी फेटा कधी बांधला नाही.

दुसऱ्या दिवशी तिचा नवरा न्यायला आला. बैल जुंपून गाडीपाशी मुकाट उभा राहिला. ती चढली, पदर सारखा केला, माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. गाडी वेशीबाहेर पडली तशी माझी आई म्हणाली, "नशीब काढलं पोरीनं." सगळ्या बायका व्हय व्हय म्हणाल्या.