दाराच्या बाजूचं KUSUM

“ही आपली गाडी नाही,” कुसुमकाकू म्हणाल्या आणि हातातला नारळ त्यांनी परत पिशवीत टाकला.

पुरानी बस्ती मोहल्ल्यात त्यांच्या दारासमोर नवी कोरी बस उभी होती. बाजूवर KUSUM लिहिलेलं. ती अक्षरं माझी. माझं तोंड तेव्हा पाहण्यासारखं झालं असेल.

मी टाइप डिझायनर, म्हणजे कॉम्प्युटरसाठी फॉन्ट काढणारा. काकूंच्या यजमानांनी पहिली बस घेतली, तेव्हा पेंटरकडून तिच्यावर बायकोचं नाव लिहून घेतलं होतं. ते गेले, बस भंगारात गेली. आता त्यांचा मुलगा संजय नवी बस घेत होता. त्या जुन्या बसचा फोटो घेऊन तो शंकर नगरच्या माझ्या ऑफिसात आला.

“भैया, आईले तेच अक्षर पाहिजे. तिच्यासाठीच करून राहिलो मी हे.”

फोटोतलं अक्षर स्लॅब सेरिफ इटॅलिक. सेरिफ म्हणजे अक्षराच्या टोकाची आडवी रेघ. ती विटेसारखी जाड, चौकोनी असली की स्लॅब. इटॅलिक म्हणजे तिरपं. असं अक्षर लांबून वाचता येतं आणि गाडी पळतेय असं वाटतं. पण सरळ अक्षर कॉम्प्युटरवर नुसतं कलवलं, की S चं पोट एकीकडे सुजतं. म्हणून महिनाभर बसून मी एकेक अक्षर नव्यानं काढलं. गर्वही झाला होता, खोटं काहून सांगू.

“काकू, काय चुकलं जी?”

“मले काय समजते त्यातलं? पण गाडी मागं जाऊन राहिली.”

संजय हिंदीत कुरकुरला, “माँ, फोटो देखकर ही तो बनाया है.”

मी मोबाइलवर फोटो उघडला. तो ड्रायव्हरच्या बाजूचा होता. तिकडून पाहिलं तर बसचं तोंड उजवीकडे, अक्षरंही उजवीकडे कललेली. काकू उभ्या होत्या बसच्या दाराच्या बाजूला. इकडून तोंड डावीकडे, आणि माझी अक्षरं मात्र मागच्या चाकाकडे झुकलेली.

“जुन्या गाडीवर इकडून कशी होती?”

काकूंनी तळहात डावीकडे कलवला. “अशी. याचे बाबा स्वतः गाडी चालवत. सकाळी इथंच थांबवत. मी डबा घेऊन उभी राहो. वीस वर्षं मी हीच बाजू पाहिली.”

मला भरून आलं. आणि स्वतःचा रागही आला. लहानपणी ब्राह्मणपाऱ्यात बसवरची नावं वहीत उतरवता उतरवताच मी या कामात पडलो. पेंटर लोक दाराकडची अक्षरं उलट्या बाजूला कलवतात, हे त्या वहीत पानोपानी होतं. कॉम्प्युटरवर इटॅलिक उजवीकडेच कलतं, आणि इतक्या वर्षांत मीही तसाच झालो होतो.

आरशात पाहिल्यासारखं नाव उलटवून भागत नाही, अक्षरंच उलटी होतात. डावीकडे कललेलं नाव पुन्हा हातानं काढलं. आठ दिवस गेले.

बस परत दाराशी लागली. काकूंनी आधी K वर हात ठेवला, मग सगळ्या नावावरून फिरवला.

“आली,” म्हणाल्या, आणि नारळ फोडला.

तेव्हापासून गाडीचं काम आलं की मी दोन्ही बाजूंचे फोटो मागतो. आणि घरी गाडीची वाट कोण पाहतं, तेही विचारून घेतो.