ठिणगी कुठं गेली

ऋतुजाच्या नवऱ्यानं, शिवशंकरनं, तो ट्रॅक्टर भंगारातून आणला होता. हैदराबादच्या कुठल्याशा बंगल्याच्या बागेत गवत कापायला ठेवलेला. कमरेएवढा, एका सिलिंडरचा, पेट्रोलवर चालणारा. जळकोटजवळच्या त्यांच्या गावात तो उतरवला तेव्हा लोक हसले.

"शिवशंकर, याला पेट्रोल पाजतोस का दूध?"

"दोन्ही. मोठा झाला की तुझ्या रानात नांगरायला धाडतो."

त्यानं लोहाराकडून मागं छोटं वखर आणि पेरायची पाभर बसवून घेतली. ऋतुजाला चालवायला शिकवलं. बंद पडला तर काय बघायचं आणि कशानंतर, तेही शिकवलं. गेल्या वर्षी कावीळ झाली आणि तो गेला.

ऋतुजा आणि मी उदगीरच्या कॉलेजात मराठी घेऊन बी.ए. झालो. तिच्याइतकी मोठ्यानं हसणारी मुलगी वर्गात नव्हती.

थोरला दीर संगमेश्वर म्हणाला, रान बटईनं, निम्म्या पिकावर, मला दे. ती न्हाई म्हणाली. सासूनं, शांतम्मांनी, तोड काढली. यंदाचा हरभरा ऋतुजानं पेरला तर रान तिच्याकडं. नाही जमलं तर संगमेश्वरकडं. गावातल्या चार माणसांसमोर हे ठरलं.

खंडेनवमीला घरातली अवजारं धुऊन पुजतात. त्या पूजेला विधवेचा हात लागू देत नाहीत. ऋतुजा दारात उभी राहिली. संगमेश्वरनं ट्रॅक्टर धुतला, इंजिनावरचं झाकण काढून आतूनही पुसला, भस्माचे पट्टे ओढले, झेंडूचा हार घातला. दसरा झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दोरी ओढली. इंजिन चालू झालं नाही.

रानात वाफसा होता. पेरणीजोगी ओल फार दिवस टिकणार नव्हती. तिनं मला फोन केला. मी पोचले तेव्हा तिनं प्लग काढून हातात धरला होता.

"ओला हाय. म्हणजे पेट्रोल यायलंय."

तिनं प्लग वायरीला जोडला, इंजिनाच्या अंगाला टेकवला आणि मला म्हणाली, "ओढ दोरी." मी ओढली. ठिणगी पडली नाही. नवा प्लग लावला. तरीही नाही. मग तिनं इंजिनाच्या फिरत्या चाकाखालचे, ठिणगी पाडणारे पॉइंट उघडले, पॉलिश पेपरनं घासले, ब्लेड सरकेल एवढी फट ठेवली. तरीही काही नाही. माझ्या तळहाताला फोड आले होते.

पिठाच्या गिरणीवर बायका बोलायच्या थांबत नव्हत्या. नवरा गेलेली बाई यंत्रावर बसली, म्हणून यंत्र रुसलं. एकीनं मलाच विचारलं, "तुम्ही शिकलेल्या, तुम्ही तरी सांगा की तिला."

दुसऱ्या दिवशी आम्ही कॉइल पिशवीत घालून एसटीनं उदगीरला गेलो. स्टेशनजवळच्या मेकॅनिकनं आधी आमच्या मागं कोण पुरुष आहे का ते पाहिलं. कोणीच नव्हतं. मग त्यानं कॉइल त्याच्याकडच्या इंजिनाला लावून पाहिली.

"कॉइल एकदम चांगली हाय, ताई. ठिणगी तयार व्हायलीय. मधीच कुठंतरी पळून जायलीय."

 घरी आल्यावर तिनं इंजिनावरचं झाकण पुन्हा काढून कॉइल जागेवर बसवली. कॉइलपासून इंजिन बंद करायच्या बटणापर्यंत एक काळी वायर जाते. बटण दाबलं की ती लोखंडाला टेकते, ठिणगी मरते आणि इंजिन बंद पडतं. ती वायर तिनं बोटानं चाचपत नेली. झाकणाच्या आतल्या बोल्टापाशी बोट थांबलं. तिथलं प्लास्टिक सोललेलं होतं आणि उघडी तार बोल्टाखाली दाबलेली होती. म्हणजे बटण कायमचं दाबल्यासारखंच.

"उंदीर असंल," मी म्हणाले.

"उंदीर बोल्ट आवळतो का?"

तिनं ती वायर मुळापासून काढून टाकली. दोरी ओढली. इंजिन धडधडायला लागलं. आता ते बटणानं बंद होणार नव्हतं, चोक ओढून, हवा कोंडून गुदमरवावं लागणार होतं. तिला त्याचं काही नव्हतं. तिनं बियाण्याची पिशवी माझ्याकडं दिली आणि ट्रॅक्टर तसाच रानाकडं काढला. मी मागून पळत होते.

रान पेरून झालं होतं.

आम्ही उदगीरला गेलो होतो तेवढ्यात संगमेश्वरनं भाड्याचा मोठा ट्रॅक्टर लावला होता. बांधापासून बांधापर्यंत सरळ तासं. तो लिंबाखाली बसून शांतम्मांनी आणलेली भाकरी खात होता.

"आलीस का? वाफसा कुणासाठी थांबत न्हाई, बाई. बंद कर ते."

तिनं बंद केलं नाही. तो उठून आला, त्यानं बटण दाबलं. इंजिन चालूच राहिलं. पुन्हा दाबलं. मग त्याचा हात सरळ झाकणाखाली गेला. न बघता, नेमका त्या बोल्टापाशी. तिथं वायर नव्हती.

हात तसाच राहिला. ऋतुजानं त्याच्याकडं पाहिलं. शांतम्मांनीही पाहिलं.

"भावजी, काय हुडकायलाव तिथं?"

 ऋतुजानं मागचं वखर खाली सोडलं आणि ट्रॅक्टर पेरलेल्या रानात घातला. दोन हात माती उलटली असेल. शांतम्मा पुढ्यात येऊन उभ्या राहिल्या.

"पेरलेलं मोडतीस? दाणा पडलाय भुईच्या पोटात. माझ्या अंगावरनं ने आधी."

"अव्वा, तुम्ही बघितलं ना, त्यांचा हात कुठं गेला ते?"

"बघितलं. घरातलं हाय, घरात ऱ्हाऊ दे."

पेरलेलं मोडत नाहीत. संगमेश्वरला ते ठाऊक होतं, म्हणूनच त्यानं एवढी घाई केली होती. ऋतुजानं वखर उचललं. चोक ओढला. इंजिन खोकत बंद झालं.

त्या चार माणसांना मी जाऊन भेटले. हरभरा कोणी पेरला, एवढंच ते विचारत राहिले. रान संगमेश्वरकडं गेलं.

परवा पुन्हा गेले तेव्हा ऋतुजा त्याच रानात ट्रॅक्टर घेऊन कोळपत होती. हरभरा वीतभर आला होता. संगमेश्वर बांधावरून ओळी दाखवत होता. मोठा ट्रॅक्टर ओळींतून जात नाही, आणि हा छोटा त्याच्याच्यानं चालू होत नाही. दुपारी ती पाणी प्यायला आली तेव्हा मी म्हणाले, "बिघडलाय म्हणून सांग की."

तिनं ओढणीच्या टोकानं तोंड पुसलं.

"कसं सांगू? मला दुरुस्त करता येतंय, हे आता सगळ्या गावाला म्हाईत झालंय."

बांधावरून हाक आली. ती तांब्या खाली ठेवून उठली.