मनकर्णाबाईचं जिंजर

एकेचाळीस साली बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत एक गोष्ट कानोकानी फिरत होती. मनकर्णाबाई माळीण म्हणे घरातच भट्टी लावते. परसात आल्याच्या वाफ्याखाली तिनं मडकं पुरलंय, आणि नवऱ्याला रोज आपल्या हातानं दारू पाजून त्याचा पार बैल करून टाकलाय. मी ती गोष्ट तिघांकडून ऐकली आणि सहा जणांना सांगितली. सांगताना मडकी दोन केली. एका मडक्यात मजा येत नव्हती.

तेव्हा आपलं वऱ्हाड मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेलं. अडतीस साली सरकारनं दारूबंदी आणली, पण ती अशी, की बडनेऱ्यात बंद आणि सहा मैलांवरच्या अमरावतीत चालू. बडनेऱ्याची तहान रोज संध्याकाळी गाडीत बसून अमरावतीला जायची आणि डुलत डुलत परत यायची. तिकीट मात्र ज्याचं त्यानं काढायचं.

मनकर्णाबाईचा नवरा जानराव त्या डुलणाऱ्यांतला नव्हता. तो गोऱ्या साहेबांच्या क्लबात बेरा होता, पेले नेऊन देणारा. पांढरा कोट, कमरेला लाल पट्टा, आणि चालणं असं की मागून पाहणाऱ्याला वाटावं, लाटसाहेब खुद्द विहिरीवर निघाले. साहेब कसा बसतो, कसा खोकतो, बायकोवर कसा ओरडतो, सगळं त्याला पाठ. क्लबातून त्यानं एक रिकामी बाटली आणली होती. रशियाकडची वोडका नावाची दारू म्हणे तिच्यात असायची. 'पान्यासारखी पांढरी असते,' असं तो पारावर सांगायचा, 'गोऱ्याची मोहाचीच समजा.' दर रविवारी तो अमरावतीहून सायकलच्या ट्यूबात मोहाची पहिल्या धारेची आणायचा आणि त्या बाटलीत ओतायचा. बस्स, झाली वोडका.

पण साहेब स्वतःच्या हातानं पेला भरत नाही. ते काम बायकोचं.

मनकर्णाबाई मोर्शीकडची. बापाचा मळा होता, त्यामुळे आल्याचा कंद हातात घेतला की त्यातलं पाणी किती हे तिला वजनावरून कळायचं. ती घरचं आलं ठेचून साखरेत शिजवायची, मिरे घालायची, कपड्यातून गाळून ठेवायची. त्यात गोळीच्या बाटलीतला सोडा सोडला की जिंजर तयार. उन्हाळ्यात ते प्यायला अख्खी आळी यायची, पुरुषसुद्धा. अफवा सांगणारेही त्यातच होते.

जानरावाचा पेला मात्र वेगळा. उंच गिलास. आधी क्लबातून ओल्या पोत्यात बांधून आणलेला बर्फ, बर्फावर दोन बोटं बाटलीतलं, मग जिंजर, तेही गिलासाच्या कडेकडेनं. वरून लिंबाची फोड. चमचा एकदाच फिरवायचा.

"दोनदा फिरवला चमचा," जानराव म्हणायचा.

"एकदाच फिरवला जी."

"माह्या जिभेले समजते. हवा गेली जिंजरची. साहेबासमोर असं केलं असतं तं लाथ बसली असती."

"मंग साहेबालेच पाजाले जा ना."

असल्या एका उत्तरापायी अडतीसच्या दसऱ्याला त्यानं तिचा डावा हात पिरगाळला, तो मनगटात मोडला. सकाळी तो ओसरीवर दात घासत बसला होता. तिनं फळीवर बांधलेला हात त्याच्यासमोर धरला. तो म्हणाला, "मले काईच आठवत नाई. थे मी नोतो. थे दारू होती."

हे वाक्य मी माझ्या भिंतीपलीकडून स्वतः ऐकलं. फार सोयीचं वाक्य आहे. आळीनंही ते मान्य करून टाकलं होतं. पार्बताबाई, म्हणजे आमच्या आळीचं चालतंबोलतं वर्तमानपत्र, नळावर म्हणायची, "मानूस सोन्यासारखा हाय बाई. दारू वाईट." आणि आम्ही पुरुष माना हलवायचो. भिंतीपलीकडे भांडं आदळलं, किंकाळी आली, तरी आम्ही म्हणायचो, दारू आहे ती, चढली की उतरेल. उठून कुणी गेलं नाही. मीही नाही. आज लिहिताना हात शिवशिवतो, पण तेव्हा तो ताटातच होता.

मनकर्णाबाईनं ते वाक्य मनावर घेतलं. दारू मारते ना, मग दारूच काढून टाकू. रोज बाटलीतलं एक बोट परसातल्या कडुनिंबाच्या बुडाशी ओतायचं आणि तेवढं पाणी घालायचं. जिंजरमध्ये मिरे वाढवायचे, म्हणजे घसा जळेल. मोहाची चार वाळकी फुलं घटकाभर भिजवून ते पाणी बाटलीत टाकायचं, म्हणजे वास येईल. पुढे पुढे रविवारी आणलेली सगळीच निंबाच्या बुडाशी. दिवाळी गेली, संक्रांत आली, आणि संक्रांतीच्या दिवशी गिलासात दारूचा थेंब नव्हता.

त्या दिवशी तिनं गिलास दिला आणि वाट पाहत बसली. जानरावानं चार घोट घेतले. डोळे तांबडे केले. जीभ जड केली. भाजीत मीठ कमी आहे म्हणून थाळी भिरकावली आणि तिला त्याच हातानं मारलं ज्या हातानं दसऱ्याला तिचं मनगट मोडलं होतं. सकाळी ओसरीवर दात घासत म्हणाला, "थे मी नोतो. थे दारू होती."

त्यानंतरही ती रोज पाण्याचाच गिलास भरत राहिली. सांगणार कुणाला? आळीला? आळीनं तर तिच्या वाफ्यात मडकी पुरून ठेवली होती.

तिसऱ्या वर्षी ती मडकी आबकारी खात्याच्या कानावर गेली. कुणी घातली ते मी शोधायला गेलो नाही, उत्तर जवळच सापडायची भीती होती. एका बुधवारी उन्हं उतरताना दारोगा दोन शिपाई घेऊन आला. पंच म्हणून त्यानं सोडेवाल्या वामनरावाला धरलं आणि मला. जानराव ओसरीवर उंच गिलास अर्धा करून बसला होता, रोजच्यासारखा डुलत. शिपायांनी आल्याचे वाफे खणले. आलंच निघालं. मग घरातून ती बाटली निघाली. हातभट्टी सिद्ध झाली की भट्टी लावणारा तुरुंगात, एवढं आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

"किसकी है?" दारोगानं विचारलं. तो जबलपूरकडचा होता.

जानराव उभा राहिला. डुलणं विसरला. "साहेब, माही नाई. मी क्लबातला मानूस. हे बाई घरात काढते अन् मले जबरीनं पाजते. साऱ्या आळीले इचारा."

दारोगानं आळीकडे पाहिलं. पार्बताबाई पदर तोंडाशी धरून म्हणाली, "आमी तं ऐकलं हाय जी तसं." वामनराव खाली पाहू लागला. मी वामनरावाकडे पाहू लागलो.

शिपाई मनकर्णाबाईचा हात धरायला पुढे झाला. तोच मोडून वाकडा जुळलेला डावा हात. तिनं तो मागे घेतला.

"साहेब," ती म्हणाली, "तुमी दारू कशी ओरखता?"

"जलाके."

"मंग जाळा. इथंच जाळा, या साऱ्याइच्या समोर."

दारोगानं चमच्यात बाटलीतलं ओतलं, काडी ओढली आणि टेकवली. चर्र झालं. काडी विझली. दुसरी विझली. तिसरी त्यानं वामनरावाच्या पेटीतली घेतली, तीही विझली. मग त्यानं बोट बुडवून चाखलं आणि चेहरा असा केला, जसा उपासाच्या दिवशी फराळात फक्त पाणी मिळालेल्या माणसाचा होतो.

"पानी है ये तो."

आता इथं शहाणा माणूस देवाचे आभार मानून घरात गेला असता. जानराव म्हणाला, "नाई साहेब, दारूच हाय. चांगलं पाहा. मले चढली हाय ना, हे पाहा." आणि तो खरंच डुलून दाखवू लागला. एका खांबाला धरलं, दुसऱ्याला धडकला. बायको तुरुंगात गेली तर चालेल, पण तीन वर्षं पाण्यावर झिंगला हे आळीला कळू नये, एवढीच त्याची तळमळ. मी आयुष्यात हलकी माणसं पुष्कळ पाहिली, काही आरशात पाहिली, पण इतकं हलकं कुणी पाहिलं नाही.

मनकर्णाबाई ओसरीवर आली. तोवर आम्ही तिच्या तोंडून नवऱ्याला 'तुमी'शिवाय दुसरं ऐकलं नव्हतं.

"तीन वर्सं पानी पेऊन रायला तू," ती म्हणाली. "अडतीसच्या संक्रांतीपासून, नाई, एकोनचाळीसच्या. दारू मी निंबाले पाजली. निंब कोनाले मारत नाई. तू पान्यावर मारलं मले. थे दारू नोती. थे तू होता."

आवाज चढवला नव्हता तिनं. वामनरावाचे डोळे भरले. माझे भरले नाहीत, मला घाम फुटला होता.

जानराव म्हणाला, "खोटं सांगून राहिली थे." पण तो सरळ उभा होता. पडायला आता त्याला कारण उरलं नव्हतं.

दारोगानं पंचनामा लिहिला: एक बाटली, विलायती, आत पाणी. आम्ही सह्या केल्या. जाताना त्यानं जानरावाच्या गिलासातलं उरलेलं जिंजर ओतून टाकलं आणि हिंदीत एक शिवी दिली, ती मी लिहीत नाही, पण ती मला आवडली.

पुढे सगळं गोड झालं असं सांगितलं असतं, पण झालं नाही. आठ दिवसांनी जानरावाचा हात पुन्हा उठला. तेवढ्यात पलीकडच्या घरातून वामनराव ओरडला, "जानराव, आज कोन्या विहिरीचं चढलं गा?" अख्खी आळी हसली. हात खाली आला, तो पुन्हा वर गेला नाही. म्हणजे जे आमच्या एका हसण्यानं थांबलं, ते तीन वर्षं आम्ही थांबवलं नाही. याचा राग मला जानरावापेक्षा जास्त येतो, आणि अजून येतो.

मनकर्णाबाई त्या घरातच राहिली. घर तिचं होतं. आलं लावलं, जिंजर केलं, पार्बताबाईला मात्र पुन्हा कधी दिलं नाही. रोज संध्याकाळी ती तो उंच गिलास भरायची, बर्फाशिवाय, दोन बोटं पाणी, कडेनं जिंजर, एकदाच चमचा, आणि जानरावासमोर ठेवून तो संपेपर्यंत उभी राहायची. तो प्यायचा. त्रेपन्न साली तो मेला तोवर हे चाललं.

तिच्या परसात मडकं कधीच नव्हतं, एकही नाही. दारू जानराव आणत होता. बायको मला दारू पाजते, ही गोष्ट पारावर पहिल्यांदा जानरावानंच सांगितली होती.