मिठाच्या पाण्यातला बॉल

वासू मला विचारायचा, "मी कोणत्या बॉलनं खेळू?" आणि मी त्याला दरवर्षी समजून-उमजून चुकीचं उत्तर द्यायचो. हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. वासूला जाऊन आता सहा आठवडे झाले. त्याच्या भावाचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "दादा गेला... झोपेतच," एवढंच तो बोलला. अर्ध्या गालावर साबण तसाच होता. त्या क्षणी मनात आलेला पहिला विचार लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मला वाटलं, आता हा प्रश्न आपल्याला कुणी विचारणार नाही. सुटलो.

आम्ही दोघं एकाच कारखान्यात, मी स्टोअरमध्ये आणि तो मेंटेनन्सला. वसाहतीच्या मागे नऊ होलचं जुनं गोल्फचं मैदान आहे. आधी तिथं फक्त साहेब लोक खेळायचे. ते कमी झाले तशी आम्हालाही मुभा मिळाली. उन्हाळ्यात या मैदानाला भेगा पडतात, आणि होलभोवती हिरवळीऐवजी तेल पाजलेली वाळू असते. तिला आम्ही ब्राऊन म्हणतो. मैदानावर मी आधी आलो. नागपूरला जाऊन चार धडे घेतले, मासिकं मागवून वाचली. वासूला मीच घेऊन आलो. एकोडी गावच्या धानाच्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत वाढलेला माणूस, त्यानं क्लब, गोल्फची काठी, धरला तो कुदळ धरल्यासारखा. सगळे हसले. तोही हसला. पण ब्राऊनवर पोचला की तो वाळूपाशी उकिडवा बसायचा, तळहात फिरवायचा आणि म्हणायचा, "पानी सोडलं तं इकडं जाईन. बॉल बी इकडंच जाईन." आणि बॉल तिकडंच जायचा. बांधीत पाणी फिरवणाऱ्याची ती नजर माझ्या चार धड्यांत कुठून येणार? दोन वर्षांत तो माझ्या बरोबरीला आला. साहेब माझं नाव विसरायचे, त्याला मात्र लांबून हाक मारायचे. कँटीनवाला पहिला चहा त्याच्या हातात द्यायचा. मी हसत राहिलो. चांगलं हसता येतं मला.

त्याच्या खेळात एकच खोट होती. लांबचा फटका उजवीकडे वळायचा, आणि सातव्या होलला नेमकी उजव्या हातालाच बोडी आहे, शिंगाड्याच्या वेलांनी भरलेलं छोटं तळं. वासूचा हात हळू चालायचा. अशा खेळाडूला साधा, दोन थरांचा, मऊ गाभ्याचा बॉल लागतो. तो कमी फिरतो, म्हणून कमी वळतो. महागडा, चार थरांचा बॉल जोरदार हातासाठी असतो. त्याचं कवच फिरकी पकडतं, त्यामुळे वळणारा फटका आणखी वळतो. मला हे ठाऊक होतं. मासिकातल्या त्या ओळीखाली मी पेन्सिलीनं रेघ मारून ठेवली होती. मैदानावर दर हिवाळ्यात कपासाठी स्पर्धा व्हायची, तिच्याआधी वासू घरी आला. "का गा दिलीप, मले यातलं काही समजत नाही. तुले तं सारं समजते. कोणता घेऊ?" मी चहाचा घोट घेतला आणि महागड्याचं नाव सांगितलं. "मोठे खेळाडू तोच वापरतात," असंही वर म्हणालो. तो खूश झाला. "मंग तोच घेतो ना बाप्पा!"

घेतला, आणि वर स्वतःची मेहनत घातली. धानाचं बियाणं पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाकतात. पोचट दाणा वर येतो, भरलेला तळाशी बसतो. वासूनं तीच बादली अंगणात मांडली. बटाटा तरंगेपर्यंत मीठ घातलं, तरी बॉल बुडाला, मग आणखी घातलं. आतून सुनंदावहिनी ओरडल्या, "घरातलं सारं मीठ सरलं! आता भाजीत काय टाकू, तुमचा बॉल?" बॉल तरंगायला लागले तेव्हा तो एकेकाला बोटानं फिरवायचा. थांबताना दरवेळी तीच बाजू वर आली तर त्या बॉलची एक बाजू जड, तो बाद. डझनातून तीन निघाले. त्यांच्यावर त्यानं वहिनींच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. मी खुर्चीत बसून सगळं बघत होतो. बियाणं इतकं निगुतीनं निवडलेलं, आणि वाणच त्याच्या जमिनीचा नव्हता. तो वाण मी दिला होता.

त्या वर्षी सातव्या होलला त्याचा लाल ठिपका बोडीत गेला आणि तो एका फटक्यानं हरला. पुढच्या वर्षी मलाच विचारून त्यानं नवा डझन घेतला आणि तेच झालं, त्याच्या पुढची दोन्ही वर्षंही तेच. चार वर्षं कप माझ्याकडे आला. दरवेळी वासू तो कप स्कूटरवर पुढे उभा करून माझ्या घरी पोचवायचा, पेढेही तोच वाटायचा. एकदा कुणीतरी म्हणालं, "वासू, तू बॉल बदलून पाह्य ना." तो चिडलाच. "दिलीपनं निवडून देल्ला हाय. माझ्या हातातच खोट हाय, बॉलमंधी नाही!"

एका सकाळी मात्र वेगळं झालं. सरावाला आम्ही दोघंच होतो. गवतात कुणाचा तरी विसरलेला एक साधा बॉल सापडला आणि वासूनं सातव्या होलवरून तो सहज मारला. बॉल जेमतेम वळला. बोडी डावीकडून ओलांडून मधोमध जाऊन पडला. वासू क्लब तसाच खांद्यावर घेऊन उभा राहिला. "अरे... हा कोणता होता गा?" त्याचा चेहरा मला आजही दिसतो. पहिल्यांदाच बोलायला शिकलेल्या लेकरासारखा. मी पुढे गेलो, बॉल उचलला आणि म्हणालो, "चिरलेला आहे. वाऱ्यानं गेला." वारा नव्हता. समोरच्या पळसाचं पानही हलत नव्हतं. "असं का?" म्हणून तो आपल्या पिशवीतून लाल ठिपका काढायला वाकला, आणि मी तो बॉल खिशात टाकला.

तेरवीला वसाहतीजवळच्या शहापूर गावी त्याच्या घरी गेलो. लोक अंगणाबाहेरपर्यंत बसले होते. दारातल्या चपला किती आहेत ते मी मोजत होतो. खरं सांगतो, मोजत होतो, आणि माझ्या तेरवीला किती असतील याचा हिशेब करत होतो. मेलेल्या माणसाचा हेवा करता येतो हे मला त्या दिवशी कळलं. निघताना वहिनींनी प्लास्टिकचा डबा हातात दिला. त्यात लाल ठिपक्यांचे उरलेले तीन बॉल होते. "भाऊजी, खेळणारे लोक म्हणू राहिले का यांच्या फोटोजवळ यांचा बॉल ठेवायचा. कोणता ठेवायचा ते तुम्हीच सांगा. हे सदा म्हणत, दिलीपले विचारल्याबिगर मी बॉल घेत नाही..."

तो डबा टेबलावर आहे. शेजारी माझ्या खणातून काढलेला तो साधा बॉलही ठेवलाय. काल मी बादलीत मीठ कालवलं आणि तो पाण्यात सोडला. बोटानं फिरवला. दरवेळी वेगळी बाजू वर आली. आठ वेळा फिरवला मी. वासूनं त्यावर लाल ठिपकाच दिला असता. फोटोजवळ हाच बॉल ठेवायचा, आणि का, तेही सांगायचं, एवढं आता ठरलंय.

हे ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येणार, ती रविवारी शहापुरात पोचते. त्याआधी वहिनींसमोर बसून हे सगळं मला स्वतःच्या तोंडानं सांगायचं आहे, आणि चार कप त्यांच्या घरी पोचवायचे आहेत. वासूचं एवढं माझ्याकडे बाकी आहे. मी अजून गेलेलो नाही.