तिसरं जेवण

दुकानात तिला सगळे काजवालीच म्हणत. बावीस वर्षं कोटांची काजं हाताने भरता भरता तिचं खरं नाव मागे पडलं होतं. कापडाखालून सुईची वाट राखणाऱ्या डाव्या तर्जनीत एकदा सुई खोल रुतली. "एवढंसं तर आहे," म्हणत तिने आठवडा अंगावर काढला. बोट टम्म फुगलं.

डॉक्टरीणबाईंनी पू काढला, पूर्वी कुठलं औषध सोसलं नव्हतं का ते विचारलं आणि अँटिबायोटिकच्या एकवीस कॅप्सूल दिल्या. दिवसातून तीनदा, जेवणानंतर, सात दिवस.

सातव्या दिवशी सकाळी ती पाय ओढत परत आली. सूज थोडी उतरली होती, ठणका मात्र तसाच. टेलरमास्तर सोमवारपर्यंतच जागा राखणार होते. बोट वाकलं नाही तर हातातली सुई सुटली, हे कुणी सांगायला नको होतं.

बाईंनी पाकीट मोजलं. "तीन उरायला हव्यात. या नऊ कशा?"

"एकही चुकवली नाही हो! जेवणानंतर म्हणालात ना? मी दोनदाच जेवते."

"आणि दुपारी?"

"दुपारी कुठलं जेवण? चहावर भागतं."

बाईंनी पाकीट खाली ठेवलं. "चूक माझीही. विचारायला हवं होतं."

"मग राहिलेल्या सहा आता एकदम गिळू?"

"मुळीच नाही! आठ-आठ तासांनी एकच, दोन घास पोटात घालून. आणखी पाच दिवसांच्या देते. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायच्या नाहीत. अंगावर पुरळ आलं, तोंड सुजलं, धाप लागली, तर पुढची न घेता तडक इकडे."

दुपारी तिने ताट वाढून घेतलं, तशा सासूबाई म्हणाल्या, "आज पाहुणी आहेस वाटतं?"

"औषध आहे, आई."

"औषधाला ताट लागतं?"

"याला लागतं."

रविवारी बोट वाकलं. सासूबाईंनी लगेच हात पुढे केला. "सुटलीस. उरलेल्या दे, माझ्या दाढेला होतील."

"नाही आई, या मलाच संपवायच्यात. तुमची दाढ उद्या डॉक्टरांना दाखवू."

सोमवारी दोन वाजता तिने काज अर्धं ठेवून डबा उघडला.

"आल्या आल्या सुट्टी?" मास्तर करवादले.

"जेवतेय, मास्तर," ती म्हणाली. दुपारच्या जेवणाची सवय नसल्याने डोळे मिटत होते, हात जड झाले होते. पण ती सावकाश चावत राहिली.