डेन्सर पाणी आणि बाल्कनीतलं अंडं

गेल्या वर्षी तुमच्या आत्याबरोबर मी मिठाच्या पाण्यात मुरवलेल्या बाळकैऱ्या पाठवल्या, त्या तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर मऊ पडल्या. तुमच्यातली मोठी फोनवर म्हणाली, "आजी, दुकानातल्या कडक असतात. तुझं ब्राइन आणखी डेन्सर हवं होतं." जन्मभर मी इंग्रजी शिकवलं आणि लोणची घातली, आणि हिने मला एकाच वाक्यात दोन्ही विषयांत नापास केलं.

यंदा आत्या पुन्हा तुमच्याकडे निघाली होती. आता कडक कैरी पाठवायची म्हणजे पाठवायचीच. पण माझी पद्धत ठरलेली आहे: आधी शब्द, मग मीठ. म्हणून शब्दकोश काढला. डेन्स हा लॅटिनमधून आलेला. तिकडे त्याचा अर्थ गच्च, दाटीवाटीचा. ग्रीकमध्ये त्याचा एक भाऊबंद आहे, त्याचा अर्थ केसाळ. हे आजोबांना वाचून दाखवलं. त्यांनी स्वतःच्या टकलावरून हात फिरवला आणि म्हणाले, "म्हणजे मी अपवाद." शेवटचा 'अर' मात्र अस्सल इंग्रजी. लॅटिन पाहुण्याला गावची शेपटी लावली आणि गावात मुरवून घेतला. आपलं घराणं बंगळुरात मुरलं ते याहून वेगळं नाही.

मराठीत मी डेन्सला दाट म्हटलं असतं. पण दाट म्हटलं की मला पिठलं दिसतं. मिठाचं पाणी कितीही डेन्सर झालं तरी नितळच राहतं, फक्त तेवढ्याच पातेल्यात वजन जास्त मावतं. मग ते ओळखायचं कसं?

शेजारच्या कन्नड बाईंनी उपाय सांगितला. आम्ही दोघी एकमेकींना अक्काच म्हणतो.

"अक्का, त्यात अंडं सोडा. वर आलं की झालं."

"आमच्या स्वयंपाकघरात अंडं?"

"खायचं कुठंय? पोहायलाच तर लावायचंय."

म्हणून सगळा समारंभ बाल्कनीत हलवला. आजोबांनी अक्कांच्या फ्रिजमधलं अंडं रुमालात लपवून आणलं, जणू इमारतीतले सगळे पहाऱ्यालाच बसलेत. पातेल्यात पहिली मूठ मीठ विरघळल्यावर अंडं सोडलं, तर ते टुणकन वर आलं. आजोबा कृतार्थ झाले. मी चमचाभर पाणी चाखलं, तर ते आपल्या आमटीएवढंही खारट नव्हतं. मग तेच अंडं साध्या पाण्यात टाकून पाहिलं. तिथेही महाराज आरामात तरंगत होते.

"अक्का, हे अंडं कधीचं?"

"मुलगा जिमला जायचा ना, तेव्हाचं असेल."

"आणि जिम सोडून?"

"स्वल्प दिवस झाले."

पाणी डेन्सर झालंच नव्हतं. अंडं आतून सुकून, हवा भरून हलकं झालं होतं. पाण्याची आणि अंड्याची तुलना करायची तर दोघांपैकी निदान एकाने तरी आहे तसं राहावं. ते अंडं अक्कांकडे परत गेलं, आणि ते त्यांनी लगेच टाकून दिलं असं मी धरून चालते.

मग पातेलं घासून नवं पाणी घेतलं आणि माझ्या सासूबाईंची रीत काढली: धुतलेला बटाटा. तो बुडाला तो बुडालाच. मी मुठीमागून मूठ मीठ ओतत राहिले. अक्का म्हणाल्या, "पुरे अक्का, पोरांचं बीपी वाढेल." आजोबा म्हणाले, "त्यापेक्षा मंगळूरहून समुद्रच मागव." मी दोघांनाही आत पाठवलं. अखेर बटाट्याने पाण्याबाहेर डोकं काढलं. मग पाणी गाळलं आणि कैऱ्या देठांसकट बरणीत भरल्या.

आत्या तुमच्याकडे पोचली त्या दिवशी तुम्ही व्हिडिओ कॉल लावलात. इकडे अक्काही खुर्ची ओढून बसल्या. धाकट्याने कैरीचा चावा घेतला, आणि कडकन आवाज माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आला.

"आवाज बरा आहे," अक्का म्हणाल्या, "पण खारट असणार."

होतीच. मोठीने चावली तेव्हा तिचा एक डोळा आपोआप मिटला. दुसरा उघडा ठेवून तिने बरणीतली पुढची कैरी शोधली, आणि दुकानाबद्दल कोणी काही बोललं नाही.