पळसाच्या देठांचे नीलकंठकाका

माझे नीलकंठकाका माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठे होते. मला समज आली तेव्हा त्यांची दाढी पांढरी झालेली होती, पुढचे दात पडलेले होते आणि डाव्या पायाची बोटं हिमाने गेलेली होती. पण शास्त्राचा हिशेब वेगळा असतो आणि आमच्या घरात तोच चालायचा. माझे वडील ढुंढिराजशास्त्री हे काशीच्या दुर्गाघाटावरचे नावाजलेले धर्मशास्त्री होते. आपल्या सख्ख्या थोरल्या भावाचं हे वय त्यांनीच ठरवून दिलेलं होतं. ते कसं, ते सांगतो.

आजोबा, काशीनाथभट, वैदिक होते. धाकट्या मुलाने त्यांची गादी चालवली, थोरल्याला मात्र इंग्रजीचा नाद लागला आणि तो शहरातल्या एका शाळेत भूगोल शिकवू लागला. वर्गाच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता. त्यात हिमालयाच्या पलीकडे मोठाच्या मोठा पांढरा पट्टा होता आणि त्यातून पूर्वेकडे निघालेली तिबेटातली एक नदी मध्येच संपलेली होती. ती पुढे ब्रह्मपुत्रा होते, ब्रह्मदेशात उतरते की चीनमध्ये जाते, यावर साहेबलोकांचे वर्षानुवर्षं वाद चाललेले होते. आजोबांना याची गंमत वाटे. पुराणात मेरूच्या चारी बाजूंचे पर्वत, वनं, सरोवरं सगळं नावानिशी दिलेलं आहे, इंचभर जागा रिकामी नाही. ते म्हणत, "साहेबाला मालूम नसलं की तो सफेद ठेवून देतो. आपल्यात ती रीत नाही." खरं तर पलीकडचं दोघांनाही काही ठाऊक नव्हतं. पण आजोबा रात्री घोरत पडायचे आणि काका जागे असायचे.

त्या काळी तिबेटात गोऱ्या माणसाला पाऊल टाकू देत नसत. कैलास-मानसच्या यात्रेला निघालेल्या काशीच्या ब्राह्मणाला मात्र कोणी अडवत नसे. सरकारच्या मोजणी खात्याला तिबेटाचा नकाशा काढायला नेमका असाच माणूस हवा होता. हे काकांच्या कानावर आलं आणि ते आपण होऊन कचेरीत जाऊन उभे राहिले. खात्याने त्यांना एकसारखं पाऊल टाकायला शिकवलं, पावलं मोजायला जपमाळ दिली आणि टिपणं लपवायला लामा लोक फिरवतात तसलं प्रार्थनाचक्र दिलं. घरी त्यांनी फक्त यात्रेला जातो म्हणून सांगितलं. बायकोला, म्हणजे सीताकाकूला, म्हणाले, "दोन वर्षांत येतो." काकू तेव्हा एकोणीस वर्षांची होती.

दोन वर्षं गेली, चार गेली. मोजणी खात्याने एक दिवस कळवलं की या गृहस्थांची आता आशा धरू नये. काकूने आशा धरली की नाही ते मला ठाऊक नाही, पण ती रोज कुंकू लावत होती आणि चैत्रातल्या हळदीकुंकवाला जात होती. तिथे तिच्या ओटीत खोबरं घालताना बायका हात जरा आखडता घेत, हे तिनेच मला पुढे सांगितलं.

परदेशी गेलेल्या माणसाची बारा वर्षं खबर लागली नाही तर त्याला मेलेला धरावा आणि पळसाच्या देठांचा माणूस करून त्याला अग्नी द्यावा, असं शास्त्र आहे. नाहीतर त्याचा आत्मा अधांतरी राहतो. आजोबांनी बारा वर्षं दिवस मोजून काढली. मग त्यांनी देठांचे हातपाय बांधले, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, सगळं पिठाने लिंपलं, लोकरीच्या धाग्याने गुंडाळलं आणि मणिकर्णिकेवर नेऊन जाळलं. म्हणतात, नारळ फुटला तेव्हा आजोबा मोठ्याने रडले. त्यानंतर ते वर्षभरही जगले नाहीत. घरी न्हाव्याला बोलावलं होतं. काकूचे केस काढले, तिला विधवेचं लाल आलवण नेसवलं आणि भिंतीकडे तोंड करून कोपऱ्यात बसवलं. यात कोणी दुष्ट नव्हतं. सगळ्यांनी केलं ते रीतीप्रमाणेच केलं आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

कोपऱ्यातून उठल्यावर काकू घरात फारशी रमली नाही. पुण्या-साताऱ्याकडच्या बायका यात्रेला येत, त्यांना हिंदी येत नसे, पंडे आणि नावाडी त्यांना लुबाडत. काकू त्यांच्याबरोबर जाऊ लागली. दशाश्वमेधावर भाव करून नाव ठरवायची, पंचक्रोशीला चालत न्यायची, वाटेत कोणी आजारी पडली तर वैद्य गाठायची. विधवेला कोण विचारणार कुठं जातेस म्हणून! दोन-तीन वर्षांत काशीतली एक गल्ली तिच्या पायाखालून जायची राहिली नाही. घाटावरचे मल्लाह तिला 'दीदी' म्हणायचे आणि तिच्याशी घासाघीस करायची टाळायचे.

पुढच्या एका पितृपक्षात माझे वडील गंगेवर तर्पण करत होते. पाणी चढलेलं होतं, त्यामुळे सगळे वरच्याच पायऱ्यांवर दाटीने उभे होते. वडिलांनी आजोबांचं नाव घेऊन पाणी सोडलं, मग भावाचं नाव घेतलं. मागच्या पायरीवरून कोणीतरी म्हणालं, "ढुंढ्या, मी इथं आहे."

वडिलांनी वळून पाहिलं. कापूस भरलेला चिनी कोट घातलेला एक वाळका माणूस उभा होता. वडील पुढे आयुष्यभर सांगायचे की मला त्या क्षणी आनंद झाला. माझी आई म्हणायची, ते किंचाळले.

काका घराच्या दारापर्यंत आले, पण उंबऱ्याच्या आत येता येईना. ज्याचं और्ध्वदेहिक झालेलं आहे, ज्याला आत्ताच तिळाचं पाणी दिलंय, तो घरात शिरणार कसा? त्यांना घाटावरच्या एका मठात ठेवलं आणि शास्त्र्यांची सभा बसली. मोजणी खात्याने काकांना जिवंत धरायला एक अर्ज मागितला. सभेला महिना लागला.

पेच एक नव्हता. काकांनी तिबेटात लोणी घातलेला खारट चहा प्यायला होता आणि कोणाच्याही चुलीवरचं खाल्लं होतं. परत येताना ते चहाच्या व्यापाऱ्यांच्या काफिल्याबरोबर चीनमध्ये उतरले आणि शांघायहून आगबोटीने कलकत्त्याला आले, म्हणजे समुद्रही ओलांडला. एक शास्त्री म्हणाले, याला प्रायश्चित्त द्या. दुसरे म्हणाले, मेलेल्याला प्रायश्चित्त कसलं? तेव्हा वडिलांनी तो युक्तिवाद केला, ज्यावर त्यांची पुढची सारी कीर्ती उभी आहे. मेलेला परत आला तर त्याला तुपात बुडवून पुन्हा जन्माला घालावं, जातकर्मापासून सगळे संस्कार करावेत आणि त्याच्याच बायकोशी त्याचं पुन्हा लग्न लावावं, असं ग्रंथात आहे. आता ज्याचा जन्म मार्गशीर्षात होणार, तो त्याआधी समुद्र ओलांडील कसा? तान्ह्या मुलाने खारट चहा कुठून प्यायला? सभा खूश झाली. मीही या युक्तिवादावर खूश आहे. माझे वडील बुद्धिमान होते आणि त्यांचं भावावर प्रेम होतं, यात मला शंका नाही.

जन्माचा दिवस ठरला. माणूस मावेल एवढं तुपाचं भांडं कोणाच्या घरी असणार? शेवटी ठठेरी बाजारातल्या हलवायाची जिलबीची कढई आणली. काका पन्नाशीला टेकलेले. गुडघे पोटाशी घेऊन ते कढईत बसले आणि वरून तूप ओतलं. मग त्यांना मध चाटवला, त्यांचं बारसं झालं, उष्टावण झालं, मुंज झाली. हे सगळं त्यांनी निमूटपणे करून घेतलं. त्यांना घरी यायचं होतं, बस. मुंजीनंतर बारा दिवस ब्रह्मचर्य आणि मग लग्न, असं ठरलं.

ब्रह्मचाऱ्याने भिक्षा मागून खायचं असतं. काका झोळी घेऊन गल्लीत फिरायचे. एका दुपारी ते आपल्याच घराच्या मागल्या दाराशी आले. घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून काकू तांदूळ घेऊन बाहेर आली. परत आल्यापासून दोघं पहिल्यांदाच समोरासमोर उभी होती. तिला हाक कोणती मारावी हे काकांना कळेना, म्हणून ते मुंजीतलं वाक्य म्हणाले, "भवति भिक्षां देहि."

"देते," काकू म्हणाली. "पण आधी एक पुछायचं आहे. चिठ्ठी का नाही पाठवलीत?"

"पहिली चार वर्षं एका सावकाराकडे अडकून पडलो होतो. चिठ्ठी पकडली असती तर मान गेली असती."

"आणि मग?"

"मग सुटलो." काका खोटं बोलणाऱ्यातले नव्हते, हे त्यांचं मोठेपण म्हणा की दुर्दैव म्हणा. "दक्षिणेचा रस्ता खुला होता. दोन महिन्यांत दार्जिलिंग गाठलं असतं. पण नदी पूर्वेला जात होती."

"नदीबरोबर जायचं तर जा. खुशाल आहे एवढं तरी लिहायचं."

"लिहिलं असतं तर तू बोलावलं असतंस."

काकूने विचारलं, "बरं, मालूम झालं? कुठं जाते नदी?"

"नाही. पुढे कडे आहेत. नदी खाली जाते, माणसाला वाट नाही. दर हिवाळ्यात गेलो आणि दर हिवाळ्यात परत फिरलो."

काकूने तांदूळ झोळीत घातले. वर आणखी एक मूठ घातली आणि दार लावून घेतलं. हे सगळं काकूनेच मला सांगितलं. तेव्हा तिला काय वाटलं ते मात्र मी कितीदा विचारलं तरी तिने सांगितलं नाही.

लग्नाच्या दिवशी चौकात होम पेटला, अंतरपाट आला. केस वाढायला वेळ होता, म्हणून काकूच्या डोक्यावरून घ्यायला शालू काढून ठेवला होता आणि हिरव्या बांगड्याही आणल्या होत्या. ती आली ती आलवणातच. वडील म्हणाले, "वहिनी, मुहूर्त जवळ आला. तयार व्हा ना."

काकूने सगळ्यांकडे पाहिलं. सभेतले सगळे शास्त्री आलेले होते.

"भावोजी, तेव्हा मला कोणी पुछलं नव्हतं," ती म्हणाली. "न्हाव्याला बोलावलंत, पाट मांडलात, बसवलंत. आज शालू ठेवून तयार व्हा म्हणता, कारण सप्तपदी माझ्या पायांशिवाय होत नाही. हे दोन महिन्यांच्या वाटेवर होते आणि आले नाहीत. मी नाही चालणार."

ग्रंथात नवरा परत येण्याची सोय होती, बायको नाही म्हणण्याची नव्हती. एक वयोवृद्ध शास्त्री हळूच म्हणाले की पहिली नसेल तर दुसरी वधू चालते. तेव्हा काका पाटावरून उठले. "नको," ते म्हणाले. "तिचं बरोबर आहे." आणि त्यांनी कपाळाच्या मुंडावळ्या सोडल्या.

त्यानंतर काका तळमजल्यावरच्या, गल्लीकडे दार असलेल्या खोलीत राहिले. पुन्हा शाळेत भूगोल शिकवू लागले. काकू वर राहायची आणि यात्रेकरू बायकांना घेऊन फिरायची. मुंजीच्या पंगतीत बटू कमी पडला तर लोक हसत हसत काकांना बोलवायचे आणि तेही जायचे. मी शाळेत त्यांच्याच हाताखाली शिकलो. शिकवताना ते तिबेटाबद्दल चकार शब्द काढत नसत. एकदा वर्गातल्या कोणीतरी त्यांना विचारलं, तिकडे काय पाहिलंत? ते म्हणाले, "माणसं. आपल्यासारखीच. थंडी फार." आणि लगेच नाईल नदी काढायला घेतली.

काका दुसऱ्यांदा गेले तेव्हा शास्त्राप्रमाणे तेवीस वर्षांचे होते. तापाने चार दिवसांत आटोपलं. अग्नी मीच दिला, मणिकर्णिकेवरच. घरी परतलो तर काकू आपलं घोंगडं माजघराच्या कोपऱ्यात अंथरत होती.

वडील तोवर थकले होते, पण शास्त्र सुटलं नव्हतं. ते दारातून म्हणाले, "वहिनी, सुतक घराला आहे तेवढंच तुम्हाला. बायकोचं नाही. लग्न झालेलंच नाही, कोपऱ्यात बसायची जरूर नाही."

"मालूम आहे," काकू म्हणाली. "त्या वेळी तुम्ही बसवलंत. या वेळी मी बसते."

आणि ती भिंतीकडे तोंड करून घोंगड्यावर बसली.